गळ आधी, साचा नंतर : जिग हेडच्या साच्याच्या निवडीचे एक प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या पलूस भागातले आहे. भिलवडीच्या अलीकडे-पलीकडे कृष्णेच्या काठावर गळाने मासे धरण्याचा छंद असलेले आणि एरवी दूध संकलनाचे केंद्र चालवणारे एक गृहस्थ, आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत व्हीएमसी मशिनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कोरणाऱ्या यंत्रावर, काम करणारे त्यांचे दाजी, या दोघांनी मिळून शिशाची जिग हेड घरीच ओतायचे ठरवले. माझे आयुष्य पॅटर्न (साचा ज्यावरून करतात तो मूळ नमुना) आणि ओतकामात गेलेले असल्यामुळे साचा कोणता घ्यावा हे विचारायला ते माझ्याकडे आले. त्यानंतरच्या निर्णयांत मी सोबत होतो. पुढे लिहिलेले सर्व त्या निर्णयांबद्दल आहे, कारण या कामातला चांगला-वाईट फरक शिसे ओतण्याच्या कौशल्याने जितका पडतो, त्याहून जास्त साचा निवडतानाच पडून जातो.

जिग हेड म्हणजे ज्या गळाच्या डोळ्याजवळच्या (दोरी बांधायच्या कडीजवळच्या) दांडीवर शिशाचे डोके ओतून बसवलेले असते तो गळ. त्याच्या दांडीवर रबरी मासा किंवा किडा ओवतात आणि तळाशी टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत ओढतात. डोळा डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर येत असल्यामुळे गळाचे टोक पाण्यात वर राहते आणि तळाला कमी अडकते. कमी अडकते, पण अडकतेच, आणि या गृहस्थांची मूळ अडचण तीच होती. भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात नदीचा तळ सगळीकडे सारखा नाही; कुठे गाळ आहे, कुठे काळ्या दगडाच्या लाद्या आहेत, कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खालच्या अंगाला सुटे धोंडे आहेत, आणि उपसा योजनांच्या जॅकवेलजवळ जुने पाइप व लोखंड पाण्यात पडलेले आहे. शिंगाळा मासा नेमका अशाच जागी असतो. इतर ठिकाणी माणूस गुडघाभर पाण्यात उतरून अडकलेला गळ सोडवून आणतो. या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरणे हा मार्गच नाही. अडकलेला गळ म्हणजे गेलेला गळ, आणि बाजारातून आणलेली तयार जिग हेड अशा रीतीने घालवत राहणे त्यांना परवडत नव्हते.

साच्याच्या आधीचा साचा

माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करून पाहिला होता. एका तयार जिग हेडला तेल लावून ते अर्धे प्लास्टरमध्ये बुडवले, दुसरा अर्धा भाग वरून ओतला, सुकल्यावर दोन्ही भाग वेगळे केले, ओतण्यासाठी तोंड कोरले आणि साचा कडक उन्हात भरपूर सुकवला. तरीही ओतताना शिसे फुरफुरले, तोंडातून थेंब उडाले आणि निघालेले डोके जाळीदार, खळगे पडलेले होते. साचा पूर्ण सुकलेला असताना असे का व्हावे, हा त्यांचा प्रश्न होता.

याचे उत्तर प्लास्टरच्या घडणीत आहे. प्लास्टर घट्ट होते तेव्हा त्यातले पाणी केवळ उडून जात नाही. त्याचा काही भाग स्फटिकात बांधला जातो. घट्ट झालेल्या प्लास्टरच्या, म्हणजे जिप्समच्या, वजनाचा सुमारे २१ टक्के भाग हे असे बांधलेले पाणी असते. ते उन्हाने जात नाही. शंभर अंशांच्या पुढे तापल्यावर ते सुटू लागते आणि शिसे तर ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे ओतताना ते साडेतीनशेच्या वरच असते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सोळाशे पट होते. बाहेरून कोरडा दिसणारा साचा शिशाचा स्पर्श होताच आतून वाफ सोडतो तो यामुळे. भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास बराच वेळ भाजून हे पाणी घालवता येते, पण मग प्लास्टर ठिसूळ होते आणि गळाच्या खाचेच्या कडा दोन-चार ओतण्यांत झडतात. एखादा नमुना काढण्यापुरता हा मार्ग ठीक आहे. ज्याला हंगामभर डोकी ओतायची आहेत त्याच्यासाठी तो मी बाद केला, आणि डोळ्यांवर चष्मा नसताना थेंब उडूनही निभावले यात नशिबाचा भाग किती होता हे दोघांनाही स्पष्ट सांगितले.

गळाचा प्रश्न

दूध केंद्रवाल्या गृहस्थांचे मन तोवर परदेशी तयार साच्यावर बसले होते. अमेरिकेतील डू-इट या कंपनीचे ॲल्युमिनियमचे साचे या छंदात प्रसिद्ध आहेत आणि ते उत्तम असतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बिजागरी, लाकडी मुठी, एकाच साच्यात वेगवेगळ्या वजनांच्या अनेक पोकळ्या, सर्व काही नेटके. त्यांचे म्हणणे असे होते : "दाजी, साचा एकदा आला म्हंजे झालंच की सगळं." त्यावर दाजींनी विचारलेला प्रश्न मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा प्रश्न वाटतो. ते म्हणाले, "अरे, पण त्यात गळ कुठला बसतोय, ते बघितलंस का आधी?"

अशा प्रत्येक तयार साच्याबरोबर कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा आणि कोणत्या मापाचा गळ त्यात बसतो हे दिलेले असते. ती शिफारस नसून साच्याचा भागच आहे, कारण साच्यातली खाच त्या गळाच्या तारेच्या जाडीवर, दांडीच्या लांबीवर आणि डोळ्याकडे तार ज्या कोनात वाकवली आहे त्या कोनावर कोरलेली असते. जिगच्या गळाची तार डोळ्याच्या अलीकडे वाकवलेली असते. गोल डोक्यासाठी बहुधा ९० अंशांत आणि गवतातून काढायच्या डोक्यांसाठी ६० अंशांत किंवा त्याहून कमी. सांगली-मिरजेच्या दुकानांत सरळ दांडीचे गळ भरपूर मिळतात. वाकवलेल्या दांडीचे मिळतात ते कधी एका कंपनीचे, कधी दुसऱ्या, आणि साच्याबरोबर दिलेल्या यादीतले तर क्वचितच. म्हणजे साचा एकदा मागवायचा आणि त्यानंतर प्रत्येक हंगामाला त्याच क्रमांकाचे गळ तितक्याच दुरून मागवत राहायचे, असा हा व्यवहार होता.

सरळ गळ घरी वाकवून घ्यावेत ही सूचना त्यांच्याकडून आलीच. गळ हा जास्त कार्बनच्या पोलादाचा, पाणी देऊन कडक केलेला असतो. थंड वाकवला तर पुष्कळदा वाकण्याच्या जागी तडकतो, आणि तापवून वाकवला तर त्या जागचा कडकपणा जातो. पहिल्या प्रकारात तो हातात तुटतो, दुसऱ्या प्रकारात मासा लागल्यावर उलगडतो. त्यामुळे हा विचार आम्ही तिथेच सोडला.

यावरून माझे मत ठरले आणि मी ते दोघांपुढे ठेवले : डोक्याचा आकार, साच्याची धातू, पोकळ्यांची संख्या हे सगळे नंतर. वर्षभर खात्रीने मिळेल असा गळ आधी निवडायचा, त्याचा पुरेसा साठा घ्यायचा आणि साचा त्या गळाभोवती बांधायचा. साच्याची निवड ही खरे तर गळाची निवड आहे, आणि ज्यांनी ती उलट क्रमाने केली त्यांच्याकडे चांगले साचे कपाटात पडून असलेले मी पाहिले आहेत.

गृहस्थांनी मग कोल्हापूर आणि पुण्याच्या दुकानदारांकडे चौकशी करून ९० अंशांत वाकवलेले, ३/० मापाचे गळ दोन कंपन्यांचे आणले. दाजींनी व्हर्नियरने दोन्ही पाकिटांतले गळ मोजले. छापील माप एकच असूनही एकाची तार १.२ मिलिमीटर होती आणि दुसऱ्याची १.४. गळाच्या मापांना सर्व कंपन्यांत पाळले जाणारे एकच प्रमाण नाही, त्यामुळे असे होतेच. दोन-दशांशाच्या या फरकाचे काय होते ते सांगतो. १.२ च्या तारेसाठी साच्याच्या दोन्ही पाट्यांत (अर्ध्या भागांत) मिळून १.२ ची खाच कोरली आणि तिच्यात १.४ ची तार ठेवली, तर साचा बंद होतच नाही. दोन पाट्यांत सगळीकडे दोन-दशांशाची फट राहते, शिसे त्या फटीत शिरते आणि प्रत्येक डोक्याभोवती पापुद्रा येतो, जो कानशीने घासून काढावा लागतो. घासणे म्हणजे शिशाची पूड. उलट १.४ च्या खाचेत १.२ ची तार ठेवली तर शिसे दांडीवरून गळाच्या बाकाकडे ओघळते आणि रबरी मासा नीट सरकत नाही. एका साच्यात दोन्ही गळ चालवून घेऊ, हा मधला मार्ग त्यामुळे मिळत नाही. मोठ्या शिंगाळ्याचा जोर लक्षात घेऊन जाड तारेचा गळ ठरला आणि त्याचा मोठा साठा एकाच वेळी घेतला.

सिलिकॉन की ॲल्युमिनियम

उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा साचा हा पर्याय मी सहज टाकून दिला नाही, कारण त्यात एक गुण आहे जो धातूच्या साच्यात नाही. सिलिकॉन दबते. तारेची जाडी थोडी कमी-जास्त असली तरी ते तिच्याभोवती स्वतःला बसवून घेते, म्हणजे वर सांगितलेली मापाची अडचण बरीच सैल होते. शिवाय हवे ते डोके मातीत घडवून त्याचा साचा घरच्या घरी करता येतो, मशिनची गरज लागत नाही.

पण शिशाच्या तापमानाला सिलिकॉन त्याच्या सोसण्याच्या मर्यादेजवळ काम करत असते. प्रत्येक ओतण्यागणिक पोकळीचा पृष्ठभाग थोडा करपतो, कडक होतो आणि गळ काढताना खाचेच्या कडेला चिरत जातो. दुसरे असे की सिलिकॉनमधून उष्णता जवळजवळ जात नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून ती त्याच्या कित्येक शेकडो पट सहज जाते. सिलिकॉनमध्ये शिसे गोठायला वेळ लागतो, पाठोपाठ ओतले तर साचाच तापत जातो, आणि घाईने उघडला तर मऊ डोके गळावरून ओघळते. ॲल्युमिनियमची अडचण नेमकी उलटी आहे. थंड साच्यात शिसे पोकळी भरण्याआधीच गोठते. पण ती अडचण साचा तापवून घेतला की मिटते, आणि काम चालू असताना साचा आपोआप गरम राहतो.

त्यामुळे शिशासाठी ॲल्युमिनियम ठरले, आणि दाजी स्वतः मशिनवर असल्यामुळे ते इथेच कोरून घेणे ठरले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या भागात ओतकाम, पॅटर्न आणि मशिनकाम हाताळणाऱ्या माणसांच्या पिढ्या तयार झाल्या आहेत. ज्या पंचक्रोशीत पंपाच्या अवघड कास्टिंगचे पॅटर्न होतात तिथे बारा मिलिमीटरच्या गोळ्याचा साचा साता समुद्रापलीकडून मागवावा, हे मला मनापासून पटत नव्हते. पण हे मत हिशेबाला धरूनच होते : साचा इथे केला तर तो आपल्या गळाला बसेल, आणि गळ बदलला तर खाच बदलून घेता येईल.

आकार आणि वजन

आकाराच्या बाबतीत गृहस्थांना एकाच साच्यात तीन-चार तऱ्हा हव्या होत्या. गोल डोके सर्वांत साधे आणि सर्वत्र चालणारे. आडव्या लांबट, फुटबॉलसारख्या म्हणून त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोक्याचा फायदा असा की ते दगडांच्या फटीत शिरण्याऐवजी त्यांच्यावरून लोळत येते. बंधाऱ्याखालच्या धोंड्यांत त्याचा उपयोग निश्चित आहे. पाणवनस्पतींत, जिथे मरळ असते, तिथे निमुळते डोके आणि टोक वनस्पतींत अडकू नये म्हणून त्याच्यापुढे ताठ केसांचा झुपका लावलेले जिग लागते. तिन्ही खरे, परंतु गोल पोकळी म्हणजे दोन अर्धगोल, आणि ते गोल टोकाच्या बॉलनोज कटरने सहज व अचूक कोरता येतात. फुटबॉलच्या आकाराला मशिनचा वेळ पुष्कळ जास्त लागतो, आणि निमुळत्या डोक्याला तर ६० अंशांचा वेगळाच गळ लागतो. पहिल्या साच्यात फक्त गोल डोके, असे ठरले.

वजनांची निवड पाण्यावरून होते. उथळ, संथ पाण्यात ७ ग्रॅम, नेहमीसाठी १० आणि धार असलेल्या खोल पाण्यात १४ ग्रॅम, अशा तीन पोकळ्या घेतल्या. हे आकडे परदेशी साच्यांवरच्या पाव, तीन-अष्टमांश आणि अर्ध्या औंसाच्या जवळ येतात. इथे एक गणित उपयोगी पडते. शिशाची घनता ११.३४ आहे, म्हणजे ७ ग्रॅमचा गोळा १०.६ मिलिमीटर व्यासाचा, १० ग्रॅमचा ११.९ आणि १४ ग्रॅमचा १३.३ मिलिमीटर व्यासाचा होतो. वजन दुप्पट झाले तरी व्यास जेमतेम पावणेतीन मिलिमीटरने वाढतो, आणि हेच उलट वाचले तर असे दिसते की व्यासात ०.३ मिलिमीटरची चूक झाली तर वजनात सात-आठ टक्के फरक पडतो. हाताने ड्रिल मारून केलेल्या साच्यांची वजने कधीच का जुळत नाहीत याचे कारण हे आहे. रबरी मासा धरून ठेवणारी डोक्यामागची मान अर्ध्या-पाऊण ग्रॅमची होते. तिचे वजन गोळ्यातून आधी वजा करून दाजींनी व्यास ठरवले.

पाट्यांवरचे काम

साच्याच्या घडणीतल्या काही गोष्टींवर आमची बरीच चर्चा झाली आणि तयार साचा घेणाऱ्यानेही त्या पारखून घ्याव्यात असे मला वाटते.

ओतण्याचे तोंड डोक्याच्या कोणत्या बाजूला उघडते हे महत्त्वाचे आहे, कारण डोके तिथून कापले जाणार आणि तिथे चपटा डाग राहणार. आम्ही ते डोळ्याच्या बरोबर विरुद्ध, डोक्याच्या पोटाशी घेतले. तो चपटा भाग पाण्याच्या तळाला टेकतो आणि डोके त्यावर थोडे स्थिर बसते, गळाचे टोक वर राहते. तोंड नाकाशी घेतले असते तर तोच डाग पाण्यात ओढताना डोके एका बाजूला वळवू शकला असता. तोंड अरुंद ठेवण्याचा मोह होतो, म्हणजे कापायला सोपे. पण शिसे गोठताना आकसते आणि ती घट भरून काढायला तोंडातले शिसे डोक्यानंतर गोठले पाहिजे. ते आधी गोठले तर डोक्यात खड्डा पडतो किंवा आत पोकळी राहते. फाउंड्रीत आकसणाऱ्या कास्टिंगला जादा धातू पुरवणाऱ्या रायझरचे जे काम, तेच इथे या छोट्या तोंडाचे.

शिसे आत आले की आतली हवा बाहेर गेली पाहिजे. पोकळीच्या वरच्या कोपऱ्यांतून पाटीच्या कडेपर्यंत एक-दशांश मिलिमीटर खोलीच्या बारीक चिरा काढल्या. एवढ्या चिरेतून हवा जाते, पण वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण जास्त असल्यामुळे ते स्वतःच्या थोड्याशा उंचीच्या दाबाने तिच्यात शिरू शकत नाही. दोन पाट्या जुळवणाऱ्या पोलादी डॉवेल पिना मुद्दाम असमान अंतरावर घेतल्या, म्हणजे पाटी उलटी लागण्याचा प्रश्न राहिला नाही. गळाचा डोळा जिथे बाहेर येतो तिथली खाच सर्वांत नाजूक. ती सैल झाली तर डोळा शिशाने भरतो आणि प्रत्येक डोळा टोचून मोकळा करत बसावे लागते. दाजींनी ती खाच दोनदा दुरुस्त केली. डोळा गोळ्याच्या मध्याच्या किंचित मागे राहील असे पाहिले, कारण रबरी मासा ओवल्यावर मागचे वजन वाढते आणि तेव्हा जिग दोरीवर आडवे लटकायला हवे.

ओतणे

ओतण्याच्या दिवशी पहिली डोकी अर्धवट निघाली. साचा थंड होता, आणि असे होणार हे मी आधीच सांगितले होते. अर्धवट डोकी पुन्हा कढईत गेली. मेणबत्तीची काजळी पोकळ्यांना धरली, साचा बंद करून शेगडीच्या कडेला तापवला आणि त्यानंतर पोकळ्या कडेपर्यंत भरू लागल्या. काजळीने उष्णता क्षणभर अडते आणि शिसे गोठण्याआधी वाहू शकते; डोकी सुटून यायलाही तिची मदत होते.

साचा तापवण्यामागे दुसरे, याहून मोठे कारण आहे. त्यात ओल राहता कामा नये. गळ, पळी, कढईत वरून टाकायचा शिशाचा तुकडा, प्रत्येक गोष्ट कोरडी आणि कोमट असली पाहिजे. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागाखाली पाण्याचा एक थेंब गेला तर कढईतले शिसे उसळून बाहेर येते. परसात काम करताना आभाळाकडे लक्ष ठेवावे लागते ते यासाठी, आणि पावसाळ्यात उघड्यावर हे काम करूच नये असे माझे सांगणे आहे. दोघांच्या डोळ्यांवर बंद चष्मे, हातात चामड्याचे मोजे आणि पायांत बंद बूट होते. कापडी चपला घालून आलेल्या शेजारच्या मुलाला दाजींनी लगेच घरी पाठवले.

शिसे कुठून आणले हेही साच्याशी जोडलेले आहे. भंगारात तीन प्रकारचे शिसे सापडते. जुन्या केबलच्या आवरणाचे शिसे मऊ आणि शुद्ध असते, बारीक मानेपर्यंत नीट भरते आणि डोके दगडावर आपटले तर चेपते, तुटत नाही. गाडीच्या चाकाला लावायच्या वजनांत अँटिमनी असते, त्यामुळे ते शिसे कडक असते आणि लहान पोकळीत ते भरण्यात त्रास देते. त्यांतली काही वजने जस्ताचीही असतात. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, म्हणून कढई ३८०च्या आसपास ठेवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. तापमान वाढले आणि जस्त मिसळले, तर ती सगळी कढई साच्यासाठी वाया गेली असे समजावे. तिसरा प्रकार म्हणजे बॅटरीच्या पाट्या, आणि त्या घरी कधीही वितळवू नयेत. त्यांत आम्ल असते, अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकते, त्यांतून अतिशय विषारी वायू निघू शकतात. हा मुद्दा मी गृहस्थांकडून तीनदा वदवून घेतला, कारण भंगारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज मिळणारे शिसे तेच असते.

शिसे आणि घर

गृहस्थांच्या घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. शिशाचे रक्तातले कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. लोक धुराला घाबरतात. चारशे अंशांच्या आत राखलेल्या कढईतून शिशाची वाफ फारशी निघत नाही. खरा धोका कढईवर जमणाऱ्या करड्या मळीच्या पुडीचा आणि घासताना पडणाऱ्या चुऱ्याचा आहे. ती पूड हाताला, कपड्याला, चपलेला लागून घरात येते आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. म्हणून नीट बंद होणारा, पापुद्रा न सोडणारा साचा हा केवळ सफाईचा प्रश्न नाही. ज्या साच्यातून निघालेले डोके घासावेच लागत नाही तो साचा त्या मुलासाठी सुरक्षित, आणि गळाच्या तारेच्या दोन-दशांशावर मी इतका अडून बसलो त्यामागचे सर्वांत मोठे कारण हेच होते. कढई आणि पळी स्वयंपाकघरातून घेतली नाही, कामाचे कपडे वेगळे धुतले जातात, मळी झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला त्याची कल्पना देऊन दिली जाते, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने जागा पुसली जाते.

नदीचाही विचार करावा लागतो. अडकून राहिलेले प्रत्येक डोके तळाशी राहते. जिग अडकलेला मासा पाणकावळ्याने गिळला, तर शिसे त्याच्या पोटात जाते. ब्रिटनमध्ये हंस शिशाने मरू लागले तेव्हा १९८७ पासून गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. ती बंदी २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या वजनांना लागू आहे, म्हणजे आमच्या तिन्ही पोकळ्यांएवढी वजने तिच्या मर्यादेत येतात. आपल्याकडे तसे बंधन नाही म्हणून आपले पाणपक्षी निराळे आहेत असे होत नाही.

यातून बिस्मथ आणि कथलाच्या मिश्रधातूचा प्रश्न निघाला. ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथील यांचे मिश्रण १३८ अंशांनाच वितळते आणि शिशासारखे विषारी नसते. त्याची घनता साडेआठच्या थोडी वर आहे, म्हणून १० ग्रॅमच्या पोकळीत ते साडेसात ग्रॅमच भरते; १० ग्रॅम हवे असेल तर मोठी पोकळी वापरावी लागते. नुसते कथील वापरले तर त्याच पोकळीत सहा-साडेसहा ग्रॅम. आणखी एक गोष्ट गृहस्थांच्या लक्षात आली नव्हती. ते डोक्यांना पावडर रंग देऊन ओव्हनमध्ये १७५ अंशांच्या आसपास भाजतात. १३८ अंशांना वितळणारे डोके त्या ओव्हनमध्ये थाळीत वितळून पडेल. या मिश्रधातूच्या डोक्यांना हवेत सुकणारा रंग द्यावा लागेल. मात्र इतक्या कमी तापमानामुळे सिलिकॉनचा साचा इथे उत्तम चालतो. शिशासाठी जो पर्याय मी बाजूला ठेवला तोच या धातूसाठी योग्य ठरतो, आणि तारेच्या जाडीची कटकटही राहत नाही.

बिस्मथ शिशापेक्षा पुष्कळ महाग आहे, त्यामुळे गृहस्थांनी दोन्ही ठेवायचे ठरवले. जिथे डोकी हमखास अडकतात त्या बंधाऱ्याखालच्या जागांसाठी सिलिकॉनच्या साच्यातली बिस्मथ-कथलाची, आणि मोकळ्या गाळाच्या तळासाठी ॲल्युमिनियमच्या साच्यातली शिशाची. माझे मत याहून थोडे कडक आहे. साठ्यातले शिसे संपल्यावर त्यांनी पुन्हा शिसे आणू नये असे मी सांगितले आहे, आणि त्यांनी त्यावर अजून होकार दिलेला नाही.

गाळाच्या तळावर १० ग्रॅमचे डोके सर्वांत जास्त वापरले जाते, १४ ग्रॅमचे धरणाच्या पाण्यात. धरणांच्या जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क पुष्कळ ठिकाणी सहकारी संस्थांकडे असतात, त्यामुळे तिथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारणे ते टाळत नाहीत. फुटबॉल आकाराच्या पोकळीचे रेखाचित्र दाजींनी तयार ठेवले आहे, पण मशिनवर घेतलेले नाही. दुकानदाराने त्याच १.४ च्या तारेच्या गळांची पुढची खेप सांगितली आहे. ती आल्यावर पाकिटातले गळ पुन्हा व्हर्नियरने मोजायचे, तार जुळली तर त्याच खाचेच्या मापाने दुसरी पाटी कोरायची, आणि जुळली नाही तर खेप परत करायची, असे दोघांत ठरले आहे.